निराधार कन्येचा बाप

मी मुळात भांडखोर नाही, असं म्हटलं की आमच्या घरातले सगळे एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत. ज्या भांडणाचं मी सांगणार आहे ते मी केलं नसतं, तर बुलढाण्याच्या मुलींच्या बोर्डिंगच्या खोल्यांत आज कुणाचा तरी कडबा भरलेला दिसला असता. त्यामुळे सांगताना मला जराही लाज वाटत नाही.

महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं. मी माहेरची देऊळघाटची आणि नोकरीनं मोताळ्याची मास्तरीण. आमची शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर बुलढाणा गाठायचं. पोरं जायची. कुणी खोली करून राहायचं, हातानं जाड्या भाकरी थापायचं, कुणी बोर्डिंगात राहायचं. पोरींनी कुठं राहायचं? सातवी झाली की पोरगी घरी, आणि पुढच्या उन्हाळ्यात दारी मांडव. माझ्या हाताखालून अशा किती हुशार पोरी गेल्या, त्या आठवल्या की अजून माझं डोकं तापतं.

म्हणून बुलढाण्याच्या चार भल्या माणसांनी मुलींच्या राहण्याची सोय करायला संस्था काढली, तेव्हा मला कोण आनंद झाला! अध्यक्ष होते एक म्हातारे वकीलसाहेब. माणूस सोन्यासारखा. आपल्या घरामागच्या खोल्या त्यांनी संस्थेला फुकट देऊन टाकल्या. कमिटीत एक तरी बाई हवी म्हणून मला घेतलं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून सगळ्याला हो म्हणावं आणि चहा प्यावा, अशी त्यांची समजूत असावी. ती फार दिवस टिकली नाही.

माझ्या सातवीच्या वर्गात तेव्हा एक पोरगी होती. बारकीशी, काळ्याभोर डोळ्यांची, आणि गणितात अशी चलाख की फळ्यावर माझं लिहून व्हायच्या आत हिचं उत्तर तयार. बाप चांगला खातापिता शेतकरी. स्वतः शाळेची पायरी चढलेला नव्हता, पण लेकीचा त्याला भारी अभिमान. "बाई, तुमचं ते बोडिंग होते काय ते पाहा. चांगली जागा असन तं हिले धाडतो. नसन तं मंग मले मांडव टाका लागते. माहे भाऊबंद गप बसू देऊन नाही राह्यले," असं त्यानं मला स्पष्ट सांगितलं होतं. माझ्यापुरतं ते बोर्डिंग म्हणजे या पोरीची पुढची वाट. बाकी संस्थेचं ध्येय, धोरण वगैरे मी वकीलसाहेबांवर सोडलं होतं.

पैसे गोळा करायचे तर लोकांपर्यंत पोचायला हवं. त्यासाठी हस्तपत्रक छापायचं ठरलं, आणि त्यावर मुलींचा फोटो हवा, असं वकीलसाहेब म्हणाले. मी फोटोग्राफरला शाळेत बोलावलं. त्यानं अंगणात सतरंजी अंथरली. आमची ही पोरगी चपला बाहेर काढून सतरंजीवर उभी राहिली, कारण चपला घालून सतरंजीवर जायचं नाही हे तिला घरातून शिकवलेलं. त्या दिवशी डोक्यावरून न्हाली होती म्हणून केस मोकळे. आणि ऊन नेमकं डोळ्यांत. फोटोग्राफर ओरडतोय, "पापणी हलवू नको!" मग काय होणार? डोळ्यांना धारा लागल्या. आम्ही सगळ्या हसलो, तीही हसली असती, पण हसायचंही नव्हतं.

त्या सगळ्या वर्गाच्या फोटोतून वकीलसाहेबांनी ही एवढी एकटी कापून काढली. अनवाणी पाय, मोकळे केस, डोळ्यांत पाणी. अकोल्याहून त्या फोटोचा छपाईचा ठसा करून आणला आणि पत्रक छापलं. वर मोठ्या अक्षरांत 'निराधार कन्या आश्रम'. खाली फोटो. त्याखाली, 'माता-पित्यांच्या छत्राला पारखी झालेली ही बालिका आपल्या कृपेची याचना करीत आहे.' मजकूर त्यांनी पुण्याकडून बुलढाण्यात येऊन राहिलेल्या एका निवृत्त हेडमास्तरांकडून लिहवून घेतला होता. कमिटीला दाखवायची गरज त्यांना वाटली नाही. एवढं सुंदर झालेलं काय दाखवायचं?

मी ते पाहिलं तेव्हा ते सगळ्या जिल्हाभर वाटून झालं होतं.

आता खरं सांगते, पत्रक चाललं. चांगलंच चाललं. मुंबईहून, नागपूरहून मनीऑर्डरी येऊ लागल्या. कूपनांवर बाया-माणसांनी लिहिलेलं असायचं, 'त्या बाळीला माझा आशीर्वाद.' वकीलसाहेब ती वाचताना चष्मा पुसायचे. खाटा आल्या, भांडी आली, स्वयंपाकाला बाई ठरली. दारावर आश्रमाचा निळा बोर्ड लागला.

आणि एकही मुलगी नाव घालायला येईना.

यायची कशी? आमच्याकडं आश्रम म्हटलं की ज्याचं कुणी नाही त्याची जागा. टाकलेल्या बायका, सोडून दिलेली लेकरं. कोणता बाप आपल्या धडधाकट लेकीला तिथं नेऊन सोडील? आणि सोडलं तर उद्या सोयरीक घेऊन कोण येईल? देऊळघाटला माझी मायच मला म्हणाली, "मायबाई! तुमी तिथी पोरीयचे केस गिस बोडता काय वो?" मी म्हटलं, माय, तू तरी गप. ती म्हणाली, "मी गप हाओ, गाव गप नाही."

पण खरा स्फोट झाला मोताळ्याच्या आठवडी बाजारात. पोरीचा बाप किराणा घ्यायला गेला होता. दुकानदारानं गुळाचा पुडा बांधायला कागद काढला, तर ते आमचं पत्रक. फोटो ओळखून दुकानदार थबकला. "भाऊ, हे तुमची पोरगी व्हय ना?" बाप खूश झाला. लेकीचा फोटो छापून आलाय म्हटल्यावर कोण खूश होणार नाही? "हाव, माहीच. वाच न काय लिवलं तं." आणि त्या शहाण्यानं भर बाजारात, चार माणसं गोळा झालेली असताना, खड्या आवाजात ते वाचलं. माता-पित्यांच्या छत्राला पारखी.

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "काऊन बे, तू कधी मेला?" मग सगळा बाजारच हसला.

दुसऱ्या दिवसापासून पोरगी शाळेत आली नाही. निरोप आला की आता येणारही नाही. मांडवाचं बोलणं सुरू झालं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आधी वाटलं, बुलढाण्याला जाऊन वकीलसाहेबांच्या टेबलावर ते पत्रक आपटावं. आमचे हे म्हणाले, "आधी बापाकडं जा. टेबल कुठं पळून जात नाही." ह्यांचं मी क्वचित ऐकते, त्या दिवशी ऐकलं.

तो खळ्यावर होता. ज्वारी उपणून झाली होती, पिवळ्या धान्याची रास लागलेली, आणि तो राशीपुढं बसून पायलीनं मोजत होता. मला बघून उठलाही नाही. पहिली पायली भरली की आमच्याकडं 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. तो "लाभ" म्हणाला आणि माझ्याकडं न बघताच बोलला, "काय वो बाई, मेलेल्या माणसापाशी कायले आल्या?"

मी म्हटलं, "भाऊ, ते मी लिहिलं नाही."

"फोटो तं तुमच्या शाळेत काढला न? मी जिता हावो बाई! हे वावर माहं, हे खळं माहं, हे बैल माहे, अन् माह्या पोरीले म्हणता निराधार? लोकायनं बाजारात माहं सुतक पाळलं!"

पोरीची आई तिकडं सूप घेऊन उभी होती. ती म्हणाली, "मले तं कोणी सांगतलंही नाही मी मेली म्हून. सकाळपासून राबून राह्यली."

मला हसू फुटलं. तिलाही फुटलं. तो मात्र हसला नाही, नुसता पायली भरत राहिला. भरता भरता त्यानं राशीच्या कडेला वेगळे लहान लहान ढीग घातले. हा सुताराचा, हा लोहाराचा, हा देवळाचा. माझं लक्ष तिकडं गेलं आणि मी विचारलं, "भाऊ, हे सुताराला देता, ते दान का?"

तो चिडला. "दान काऊन? त्याच्या हक्काचं हाये. वर्षभर माह्या वखराचं पाहाते तो."

"मग तुमची पोरगी वर्षभर सकाळी गोठा झाडते, दुपारी माझ्याकडं गणितं करते, संध्याकाळी आईच्या हाताखाली राबते. तिची पायली या खळ्यावर कुठाय?"

"लेकीले कोणी खळ्यावर देते काय? लेकीले लग्नात देते."

"तर मग लग्नाच्या आधी द्या! तुमची पायली आणि दुसऱ्याची पायली मिळून बोर्डिंगातल्या पोरी जेवतील. कुणाच्या कृपेवर नाही, आपल्या बापांच्या खळ्यावरचं जेवतील. आहे कबूल?"

त्यानं हातातली पायली राशीवर रिकामी केली. मग पायली खाली ठेवली. "बाई, ते मंग पाहू. पहिले माहं सुतक फेडा. ज्या बाजारात मले मारलं, त्याच बाजारात जिता करा. तवा पोरगी धाडतो. नाही तं मांडव आहेच."

"करते," मी म्हटलं. कसं करणार ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण होईल याची खात्री होती. माझी खात्री अशीच असते, आधी येते.

बुलढाण्याला जाऊन मी पत्रक टेबलावर आपटलंच. वकीलसाहेब दचकले. "बाई, जरा सबुरीनं. पत्रकानं केवढं काम केलंय बघा. लोकांचं काळीज हललं पाहिजे, तेव्हा हात खिशात जातो."

"साहेब, मुंबईचं काळीज हललं. पण मोताळ्याचा एक बाप जागचा हलला नाही. खाटा आहेत, भांडी आहेत, पोरी कुठं आहेत? त्या काय मनीऑर्डरनं येणार?"

मी नवं पत्रक कसं हवं ते सांगितलं. आश्रम हा शब्द नको, मुलींचं बोर्डिंग म्हणा. निराधार तर मुळीच नको. फोटोत तीच मुलगी, वेणी घातलेली, हातात पुस्तक, आणि मागं तिचा बाप उभा.

"बाप?" साहेब खुर्चीतच पुढं आले. "अहो, ज्या मुलीला बाप आहे तिच्यासाठी लोक का देतील?"

"ज्यांना मुलगी आहे ते देतील."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वकिली केलेला माणूस, हरला की त्याला कळतं. मग लेखणी उचलून त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं, 'सदर मुलीचे वडील हयात असून...' मी त्यांच्या हातातून कागद ओढला. "साहेब, हा पेन्शनचा दाखला नाही!" तेव्हा मात्र ते मनापासून हसले आणि म्हणाले, "मग तुम्हीच लिहा, बाई. माझी आता तुमच्याशी वाद घालायची छाती नाही."

मी लिहिलं. 'हिच्या पाठीशी बाप उभा आहे. मुलींचं बोर्डिंग, बुलढाणा. यंदा खळ्यावर लेकीची पायली काढा.' बस्स. हेडमास्तरांना ते फार उघडंवाघडं वाटलं. त्यांनी निदान 'नम्र आवाहन' तरी वर घाला असं सुचवलं. मी घातलं नाही. हक्काचं मागताना नम्र काय व्हायचं?

फोटोच्या दिवशी बाप नवा रुमाल बांधून आला, ताठ उभा राहिला आणि लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. या वेळी ऊन मी पाठीमागं घेतलं होतं. फोटोग्राफर म्हणाला, "भाऊ, थोडं हसा." तो म्हणाला, "हसाचं काम नाही. उभं राहाचं काम हाये." पोरीच्या पायात चपला होत्या. सतरंजी मी अंथरूच दिली नव्हती.

पत्रकं छापून आली त्या आठवड्याच्या बाजारात मी त्याच दुकानापुढं जाऊन उभी राहिले. बाप लेकीला घेऊन आला. दुकानदार पुढं सरसावला, "आणा, मी वाचतो." बापानं त्याला हातानंच थांबवलं. "तुव्हं वाचणं झालं. आता माही पोरगी वाचन."

पोरगी पोत्यावर चढली. पहिल्यांदा आवाज फुटेना. इथं ती चाचरली असती तर सगळंच हातचं गेलं असतं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी डोळे वटारले, आणि तिनं वर्गात पाढे म्हणायची तसा सूर लावला. "हिच्या पाठीशी बाप उभा हाय!" छापलं होतं 'आहे', पण तिनं 'हाय' वाचलं, आणि मी जन्मात पहिल्यांदा वाचनातली चूक दुरुस्त केली नाही. पुढचं सगळं वाचलं. संपल्यावर थांबली.

"खाली बारीक काय हाये?" बापानं विचारलं.

"छापखान्याचं नाव हाये, बाबा."

"तेही वाच."

तिनं तेही वाचलं. लोक ऐकत उभे होते. या वेळी कुणी हसलं नाही. मागं कापसाच्या गाडीवर बसलेला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "त्याची पोरगी चालली तं माही काऊन नाही? माही काय मुकी हाये?" ते मी माझ्या कानानं ऐकलं, आणि त्याच क्षणी मला कळलं की बोर्डिंग भरणार.

बापानं पत्रक हातात घेतलं, उलटं सुलटं करून पाहिलं. "यात मी कुठी हाओ? बोट ठेव." पोरीनं बोट ठेवलं. "हे दोनच अक्षरं?"

"हाव. ब अन् प. ब ले काना."

तो त्या दोन अक्षरांकडं बघत राहिला. मग पत्रकाची नीट घडी घालून त्यानं ते बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं आणि गूळ न घेताच घरी गेला. मांडवाचं पुन्हा नाव निघालं नाही.

त्या वर्षी खळ्याखळ्यावरून लेकीच्या पायल्या निघाल्या. ज्वारी आली, हरभरा आला, कुणी तुरी दिल्या. मुंबईच्या मनीऑर्डरी थोड्या कमी झाल्या, ते हेडमास्तरांनी मला दोनदा ऐकवलं. मी म्हटलं, होऊ देत. ज्यानं पायली दिली तो धान्य टाकायला बोर्डिंगात यायचा, खोल्या बघायचा, स्वयंपाकीण बाईला चार प्रश्न विचारायचा, आणि जाताना म्हणायचा, "पुढच्या साली आमची येईन." निळा बोर्ड उतरवून वकीलसाहेबांनी स्वतः नवा रंगवून घेतला. माणूस सोन्यासारखा, हे मी आधीच म्हटलं आहे.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी बोर्डिंगच्या दारात उभी होते. सगळ्यात आधी तीच पोरगी आली, एसटीतून, एकटी. बापाची पेरणी चालू होती. त्याला वावर सोडता आलं नव्हतं. बोर्डिंगचा गडी तिची ट्रंक स्टँडवरून आणून दारात ठेवून गेला. मी विचारलं, "काय गं, बाबा नाही आले?"

"आले न, बाई," ती म्हणाली आणि ट्रंक वळवली.

पत्र्याच्या ट्रंकेवर तिनं आपलं नाव आणि इयत्ता सुबक अक्षरात रंगवली होती. त्याच्या खाली, गेरूनं, नवशिक्या हातानं काढलेली दोन भली मोठी अक्षरं होती. काना तर असा लांब गेला होता की ट्रंकेच्या कडेवरून खाली उतरला होता.

'बाप'.

वकीलसाहेब आतून आले, वाकून त्यांनी ते वाचलं, आणि मग गड्याला हाक न मारता ती ट्रंक स्वतः उचलून आत नेली. मी मदतीला पुढं झाले नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि या वेळी ऊन नव्हतं.